दुखापतीनंतर फाइफला कुठे उभं करायचं? ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला एक जुना वाद, सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताने पर्थच्या ऑप्टस स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाला २९५ धावांनी हरवलं, ते मैदान आपल्या चांगलं लक्षात आहे. पण ते क्रिकेटचं मैदान म्हणून वर्षातले थोडेच दिवस राबतं. मार्च ते सप्टेंबर तिथे वेगळाच खेळ चालतो. त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात, घरगुती नाव 'फूटी', आणि वरच्या दर्जाची स्पर्धा म्हणजे एएफएल. पर्थ किंवा मेलबर्नला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला सोमवारी सकाळी ऑफिसात कळतं की आपण क्रिकेटच्या नव्हे, फूटीच्या देशात आलो आहोत.

त्या गप्पांमध्ये एक वाद दर मोसमात नव्याने रंगतो. मोठा खेळाडू दुखापतीतून परत येतोय, तर त्याला खेळवायचं कुठे? नवख्याला प्रश्नच कळत नाही. आधी जिथे खेळायचा तिथेच खेळेल ना! तसं होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायला फ्रीमँटल डॉकर्स या पर्थकडच्या क्लबच्या नॅट फाइफइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

## आधी मैदान बघू

मैदान लंबगोल, तेही प्रचंड. लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५ मीटर. एका संघाचे १८ खेळाडू एका वेळी आत. चेंडू रग्बीसारखा अंडाकृती. तो लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोकून साथीदाराला द्यायचा, फेकायचा नाही. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण. ऑफसाइड हा प्रकार नाही, त्यामुळे कुणीही कुठेही जाऊ शकतो.

तरी जागा असतातच. ढोबळमानाने तीन: बचावफळी, मध्यफळी आणि आघाडीफळी. चेंडू अडकला की पंच तो मधे टाकून खेळ पुन्हा सुरू करतात. तिथे दोन उंच खेळाडू उडी मारून चेंडू आपल्या बाजूला ढकलतात आणि त्यांच्या पायाशी मध्यफळीचे खेळाडू तुटून पडतात. दादरला गाडी थांबता थांबता दाराशी जी रेटारेटी होते, तिथे चढणारा, उतरणारा आणि नुसताच उभा असलेला असे सगळे एकाच चौरस फुटासाठी भांडतात. तेच दृश्य डोळ्यांपुढे आणा. त्या गर्दीतून चेंडू उचलून बाहेर काढणं, हे मध्यफळीचं मुख्य काम. शिवाय चेंडू जाईल तिथे पळणं. असा खेळाडू एका सामन्यात साधारण १२ ते १४ किलोमीटर धावतो.

आघाडीफळीचं काम चेंडू झेलून गोल करणं. १५ मीटर किंवा त्याहून लांबून लाथाडलेला चेंडू खाली पडू न देता झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात. मार्क घेणाऱ्याला मग कुणाच्या धक्काबुक्कीशिवाय निवांत लाथ मारता येते. सगळी मारामारी त्या झेलासाठी असते, कारण प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू पाठीमागून मूठ घालून चेंडू उडवायला टपलेलाच असतो.

एवढं पुरे. बाकी नियम लागतील तसे सांगतो.

## हा फाइफ कोण?

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेक ग्रेस या गहू-मेंढ्यांच्या गावचा मुलगा. २०१० मध्ये फ्रीमँटलकडून पहिला सामना खेळला. उंची १९२ सेंटीमीटर, म्हणजे मध्यफळीतल्या खेळाडूसाठी बरीच. गर्दीतून चेंडू काढायची ताकद आणि डोक्यावरून झेल घ्यायची हातोटी, दोन्ही एकाच माणसात. प्रतिस्पर्ध्याने त्याच्यावर बुटका, चपळ खेळाडू लावला तर हा उंचीने खायचा आणि उंच लावला तर जमिनीवर मात द्यायचा.

मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याने दोनदा जिंकलं, २०१५ आणि २०१९ मध्ये. हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं. २०१५ मध्ये मोसमाचे शेवटचे सामने दुखापतीमुळे हुकूनही त्याला ३१ मतं पडली होती. २०१९ मध्ये ३३. फ्रीमँटलने आजवर एकदाही अजिंक्यपद जिंकलेलं नाही. २०१३ मध्ये ते प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचले आणि हॉथॉर्नकडून १५ गुणांनी हरले. अशा क्लबसाठी फाइफ काय होता, ते वेगळं सांगायला नको.

आणि आता शरीराचा हिशेब. २०१५ च्या उपांत्य सामन्यात तो मोडक्या पायाने खेळला. २०१६ च्या सुरुवातीलाच तो पाय पुन्हा मोडला आणि मोसम संपला. २०२१ मध्ये खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, वर जंतुसंसर्ग झाला. पाठोपाठ पाठीची शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये तळपायाने दगा दिला. खांदा, पाठ, तळपाय. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

## 'फिट' म्हणजे किती फिट?

बातमीत येतं, 'डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला'. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस बरा झाला. डॉक्टर मात्र एवढंच सांगत असतात की दुखावलेला भाग आता भार सोसू शकतो. तो भार किती वेळ, किती वेळा आणि कुठल्या दिशेने सोसेल, हे मैदानात उतरल्यावरच कळतं.

गुडघ्याचं उदाहरण घ्या. आतला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला की नवा बसवतात आणि परतायला साधारण ९ ते १२ महिने लागतात. हल्ली ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे, म्हणून लोक ती हलक्यात घेतात. सिडनी स्वान्सचा ॲलेक्स जॉनसन २०१२ मध्ये अजिंक्यपद जिंकलेल्या संघात होता. मग त्याचा गुडघा गेला, आणि एकामागून एक शस्त्रक्रिया करत तो परतला थेट ऑगस्ट २०१८ मध्ये. जवळजवळ सहा वर्षांनी. अख्खं मैदान उभं राहिलं. पुढच्याच सामन्यात त्याचा दुसरा गुडघा गेला. दुरुस्त केलेला भाग टिकला आणि शेजारचा तुटला.

यात नशिबाचा भाग किती आणि शरीराचा किती, हे त्या एका घटनेवरून सांगता येणार नाही. पण प्रशिक्षकांना पछाडणारी भीती हीच असते. एक अवयव जपायला शरीर दुसऱ्यावर वजन टाकतं. शिवाय वर्षभर घरी बसलेल्या माणसाचा दमसास संपलेला असतो आणि दमलेला माणूस चुकीच्या कोनात पाय टाकतो. म्हणून संघ विचार करतो की पळायला कमी लागेल अशी जागा शोधू. फ्रीमँटलनेही २०२३ मध्ये हेच केलं, फाइफला मध्यफळीतून काढून आघाडीफळीत उभं केलं.

## क्रिकेटमध्ये हे सोपं आहे

हार्दिक पंड्याच्या पाठीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२० च्या आयपीएलमध्ये तो मुंबई इंडियन्सकडून निव्वळ फलंदाज म्हणून खेळला, एक चेंडूही टाकला नाही. पाठीला त्रास देणारं काम बाजूला काढून ठेवता आलं, कारण क्रिकेटमध्ये कामांच्या मधे भिंती आहेत. कर्णधाराने चेंडू हातात दिलाच नाही, तर गोलंदाजी होतच नाही.

फूटीत अशा भिंती नाहीत. प्रशिक्षक फाइफला सांगू शकतो, 'तू पुढे उभा राहा'. 'तू टॅकल करू नकोस', म्हणजे चेंडूवाल्याला पकडून अडवू नकोस, किंवा 'उडी मारू नकोस' असं सांगू शकत नाही. चेंडू आला की जे लागेल ते करावंच लागतं. जागा बदलली की कामं कमी होत नाहीत, कामांचं प्रमाण तेवढं बदलतं. या वादात बहुतेक लोक नेमके इथेच घसरतात.

## पुढची फळी म्हणजे विश्रांतीगृह नव्हे

आघाडीफळीत एकूण धाव कमी हे खरं. पण तिथली धाव कशी असते ते बघा. खेळाडू जवळजवळ थांबलेला असतो, चेंडू येतोय असं दिसलं की एकदम सुटतो, पंधरा-वीस मीटर पूर्ण वेगात पळतो, उडी मारतो, आपटतो. मग पुन्हा थांबतो. थंड झालेल्या पायांनी दर वेळी शून्यापासून वेग घ्यायचा.

आता ते तीन शब्द आठवा. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. पाय जमिनीवर रेटून उसळी घेताना सगळा ताण त्याच्यावर येतो. एका लयीत लांब पळण्यापेक्षा थांबून सुटणं त्याला जास्त जड जातं. खांदा सर्वांत कच्चा असतो तो हात वर आणि मागे गेलेला असताना. उंच झेल घेताना हात नेमका तिथेच असतो, आणि त्याच क्षणी बचावपटूची मूठ येऊन आदळते. पाठीचं तर विचारूच नका. उडी मारलेल्या माणसाच्या पाठीत गुडघा घालून वर चढणं हे या खेळात कौतुकाचं मानलं जातं.

म्हणजे फाइफच्या तिन्ही दुखऱ्या जागांवर बोट ठेवणारी एखादी भूमिका शोधायची म्हटली असती, तर उंच आघाडीपटूची भूमिका पहिल्या दोनांत आली असती. मध्यफळीत धोका नव्हता असं मी म्हणत नाही. त्या रेटारेटीत खांद्यावर माणसं पडतातच. पण तिथला मार फाइफच्या ओळखीचा होता. गर्दीत कसं वाकायचं, कुठल्या बाजूने शिरायचं, पडताना हात कसा आत घ्यायचा, हे दहा वर्षांत त्याच्या अंगात मुरलं होतं. पुढे उभं राहून पाठीमागच्या माणसाचा अंदाज घेणं हा वेगळा धंदा आहे. तो तिशी ओलांडल्यावर, दुखऱ्या अंगाने शिकायचा!

आणखी एक अडचण होती, शरीराशी संबंध नसलेली. फाइफची गोलवरची लाथ कधीच भरवशाची नव्हती. २०१३ च्या अंतिम सामन्यात बाकी खेळ सुरेख करूनही त्याने गोलच्या संधी घालवल्या होत्या. मध्यफळीत हा दोष झाकला जातो. पुढे उभं केल्यावर तोच मुख्य विषय होतो.

## मग क्लबला हे कळत नव्हतं?

कळत असणारच. जस्टिन लाँगम्युअर हा प्रशिक्षक स्वतः खेळाडू असताना फ्रीमँटलच्या आघाडीफळीत खेळलेला माणूस आहे. पण प्रशिक्षकाला एका खेळाडूचा नाही, तेवीस जणांचा हिशेब मांडायचा असतो.

फाइफ दुखापतींत अडकला होता त्या काळात मध्यफळीत नवी पोरं उभी राहिली होती. अँड्र्यू ब्रेशॉला २०२२ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं. केलेब सेराँग २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानाच्या निवडक संघात पोहोचला. त्यांना बाजूला सारून जुन्या राजाला गादी द्यायची? उलट पुढच्या फळीत खड्डा पडला होता, कारण उंच आघाडीपटू रॉरी लॉब २०२२ संपताच वेस्टर्न बुलडॉग्सकडे गेला. पुढे जागा रिकामी, मागे गर्दी आणि हाताशी १९२ सेंटीमीटरचा, झेल घेणारा माणूस. कागदावर उत्तर इतकं चोख जुळत होतं की कुणालाही मोह पडावा. कर्णधारपदही २०२३ मध्ये ॲलेक्स पिअर्सकडे गेलं होतं, त्यामुळे फाइफला नव्या भूमिकेत बसवायला मोकळीक होती.

तो मोसम फसला. तळपायाच्या दुखापतीने फाइफ वारंवार बाहेर गेला आणि जो थोडा खेळला त्यात पुढे कधी रुळला नाही. २०२४ मध्ये लाँगम्युअरने त्याला पुन्हा मध्यफळीत नेलं आणि तो मोसमाचा बराचसा भाग खेळला. मध्यफळीत गेल्यामुळेच तो तंदुरुस्त राहिला असा दावा मी करणार नाही. पण 'मध्यफळी त्याला आता झेपणार नाही' हे गृहीतक मात्र त्या मोसमाने मोडीत काढलं.

## पण १४ किलोमीटर धावायचं कसं?

हा आक्षेप रास्त आहे आणि उत्तर राखीव बाकावर आहे. फूटीत बाकावरच्या खेळाडूंना आत-बाहेर करता येतं. बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. २०२१ पासून एका संघाला सामन्यात अशा ७५ अदलाबदली मिळतात. चार सत्रांत वाटल्या तर सत्राला साधारण १९. यांतला मोठा वाटा मध्यफळी खाते, कारण सर्वांत जास्त दमते तीच. काही मिनिटं जोर लावायचा, बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, परत जायचं.

गोलपाशी खोल उभ्या असलेल्या आघाडीपटूला ही चैन कमी मिळते. तो बाकापासून लांब असतो आणि चेंडू केव्हा पुढे येईल याचा नेम नसतो. त्यामुळे दुखापतीतून परतलेल्याला मध्यफळीत ठेवून त्याची मिनिटं कमी करणं शक्य असतं. जागा तीच, पाळी छोटी. यात किंमत दुसरे मोजतात. फाइफने जास्त अदलाबदली घेतल्या की ब्रेशॉ किंवा सेराँगला कमी मिळतात. म्हणून हा निर्णय डॉक्टरच्या खोलीत होत नाही, संघनिवडीच्या बैठकीत होतो.

## डेंजरफिल्डला कसं जमलं मग?

जीलाँगचा कर्णधार पॅट्रिक डेंजरफिल्ड २०२५ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, मुख्यतः आघाडीफळीत खेळला आणि उपांत्य सामन्यात हॉथॉर्नला त्याने एकहाती हैराण केलं. तोही ब्राउनलो विजेता, तोही मध्यफळीचा राजा. मग फाइफलाच का जमू नये?

डेंजरफिल्डचं मूळ हत्यार वेग आहे. थांबून सुटणं ही त्याची खेळायची रीतच होती. तो आधीपासून मधूनमधून पुढे जाऊन गोल करत आला होता आणि त्याला झेलावर अवलंबून राहावं लागत नाही. जमिनीवरचा चेंडू उचलून तो बचावपटूला मागे टाकतो. फाइफचं हत्यार ताकद आणि गर्दीतलं शहाणपण. पुढे मोकळं रान असतं, तिथे ते हत्यार म्यानातच राहतं.

उलट्या दिशेचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. पोर्ट ॲडलेडचा रॉबी ग्रे आघाडीफळीतला चपळ, छोट्या चणीचा खेळाडू. २०१२ मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. रूढ तर्काने त्याला परतल्यावर आणखी सांभाळून, पुढेच ठेवायला हवं होतं. २०१४ मध्ये तो मध्यफळीत सर्रास खेळायला लागला आणि त्या वर्षी सगळ्या क्लबांच्या प्रशिक्षकांनी मिळून त्याला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. गुडघा दुरुस्त झालेला माणूस जास्त पळण्याच्या जागी गेला आणि बहरला. 'दुखापत म्हणजे पुढे पाठवा' हा नियम नाही, नुसती सवय आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

## आधी खालच्या स्पर्धेत खेळवून का बघत नाहीत?

बघतात. फ्रीमँटलचे परतणारे खेळाडू पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य स्पर्धेत पील थंडर या संघाकडून उतरतात. तिथे दमसास किती उरला आहे हे कळतं, धक्क्याची भीती जाते. पण वेग वेगळा असतो. खालच्या स्पर्धेत ब्राउनलो विजेता पुढे उभा राहून चार गोल मारू शकतो आणि त्यावरून फसगत होते, कारण वरच्या स्पर्धेतला बचावपटू अर्धी पावलं आधी पोहोचतो. जागेची परीक्षा खाली होत नाही, शरीराची होते.

यावरून आठवलं. क्लब दर आठवड्याला दुखापतग्रस्तांची यादी देतात. त्यात कुणापुढे 'चाचणी' लिहिलं असेल तर शेवटच्या सरावानंतर ठरणार असं समजा. आठवड्यांचा आकडा असेल तर तो आशेच्या बाजूचा धरा. आणि 'अनिश्चित' लिहिलं असेल तर तिकीट काढताना त्या खेळाडूचा विचार सोडून द्या. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागला असेल तर किमान १२ दिवस बाहेर राहणं सक्तीचं, तिथे प्रशिक्षकाचं काही चालत नाही.

## शेवटचा तोडगा

२०२३ ते २०२५ च्या मोसमांत संघाला बाकावरच्या चौघांशिवाय एक जादा बदली खेळाडू ठेवता यायचा. तो एकदा आत आला की ज्याच्या जागी आला तो कायमचा बाहेर. २०२५ मध्ये दुखापतींनी फाइफला पुन्हा गाठलं, आणि मोसमाच्या उत्तरार्धात फ्रीमँटलने त्याला याच भूमिकेत वापरलं. सुरुवातीला जॅकेट घालून बसायचं, सामना अर्ध्याच्या पुढे गेला की उतरायचं आणि थेट मधल्या गर्दीत शिरायचं. समोरचे थकलेले, हा ताजा.

पुष्कळांना हे त्याच्या मानाला साजेसं वाटलं नाही. दोन ब्राउनलो जिंकलेला माणूस बदली म्हणून बसवायचा? मला मात्र त्या तीन-चार वर्षांतला हा सर्वांत डोळस वापर वाटला. त्याचं जे काम होतं तेच त्याला दिलं, फक्त पाऊण तासाचं दिलं. हेच २०२३ च्या पहिल्या दिवसापासून, बदली म्हणून नव्हे तर मध्यफळीत कमी मिनिटं देऊन, करता आलं असतं. त्यासाठी ब्रेशॉ आणि सेराँगच्या वाट्याच्या अदलाबदली कापाव्या लागल्या असत्या, आणि तो वाद फ्रीमँटलच्या समर्थकांमध्ये फाइफ निवृत्त झाल्यावरही मिटलेला नाही.